संत्र्याला पाड लागत नाही

पत्र थोडक्यात असं आहे. पलूस तालुक्यातल्या एका ताईंच्या परसात नागपुरी संत्र्याचं एक झाड आहे, सासूबाईंनी सहा वर्षांपूर्वी कराडच्या कृषी प्रदर्शनातनं हौसेनं आणलेलं. आत्तापर्यंत चार-दोन फळं लागायची, यंदा पहिल्यांदाच झाड भरलं, मोजून नव्वदच्या आसपास. फुलं महाशिवरात्रीच्या आठ-दहा दिवस आधी आली होती. घटस्थापनेच्या आधी रात्रीची एकदोन फळं खाली पडायला लागली तेव्हा सासूबाई म्हणाल्या पाड लागला, उतरवा आता. मिस्टरांनी वीसेक फळं ओढून काढली आणि गवतात आढी घातली. आठ दिवसांनी फळं पिवळी झाली पण आंबटढाण, वर सहा-सात फळांना देठाकडं निळसर बुरशी. आता सासूबाईंचं म्हणणं, पूर्ण केशरी झाल्याशिवाय हात लावायचा नाही आणि भाऊबीजेला लेक येईल तेव्हा सगळं झाड एकदम उतरवून तिला पाटी भरून द्यायची. मिस्टर म्हणतात आपल्या काळ्या रानात संत्रं गोड व्हायचंच नाही, तोडून केशर आंबा लावू. शेजारी म्हणतात बुडात गुळाचं पाणी घाला. ताईंना स्वतःला पहिल्याच दिवशी वाटलं होतं की फळं कच्ची आहेत, पण त्या बोलल्या नाहीत. त्या विचारतायत की फळ तयार झालंय हे ओळखायचं कसं, उतरवायचं कसं, आणि 'घरात नक्की कोण बरोबर आहे?' झाडाला न्हाणीचं पाणी जातं आणि कंपाउंडजवळच्या कडुलिंबावर गुळवेल चढलीय, एवढी माहिती पत्राच्या शेवटी आहे.

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीची उत्तरं त्यातनंच निघतील. तुमच्या घरात सगळे बरोबर आहेत, फक्त ते आंब्याबद्दल बोलतायत. पहिलं फळ आपोआप पडलं की पाड लागला, मग झाड उतरवायचं, आढी घालायची, आठ दिवसांनी उघडायची, हे सगळं पिढ्यानपिढ्या तपासलेलं ज्ञान आहे आणि आंब्याला ते शंभर टक्के लागू पडतं. सासूबाईंनी आयुष्यभर तेच बघितलंय. संत्रं आपल्या भागातलं घरोघरचं झाड नाही, त्यामुळं त्याचं शहाणपण कुणी कुणाला शिकवलेलंच नाही, आणि नवीन झाड दारात आलं की माणूस जुन्या ओळखीच्या झाडाचे नियम त्याला लावतो, मीसुद्धा लावले होते.

फरक असा आहे बघा. आंबा झाडावरनं काढतो तेव्हा त्याच्या पोटात पिठूळ साठा असतो, म्हणून तर कैरीची फोड दाताखाली तशी लागते. आढीत त्या साठ्याची साखर होते. केळी, चिकू, पपई ही सगळी त्याच घरातली, झाडावरनं काढल्यावरही पिकणारी. संत्र्याकडं असा साठाच नसतो. त्याच्यात जी गोडी येते ती झाड रोज थोडी थोडी पाठवत असतं, पानात तयार झालेली साखर देठातनं फळात जाते, आणि देठ तुटला की तो पुरवठा बंद. ज्या दिवशी तोडलं त्या दिवशी जेवढं गोड तेवढंच, पुढं महिनाभर गवतात ठेवा नाहीतर तांदळात. घरी हे पटवायला तुम्हाला लांब जायला नको, तुमच्याकडं द्राक्षाच्या बागा आहेत. कच्चं द्राक्ष काढून कुणी पिकायला घालतं का? डाळिंब घालतं का कुणी? संत्रं, मोसंबी, लिंबू ही त्या रांगेतली फळं. मिस्टरांना हे एका वाक्यात पटेल असं मला वाटतंय.

मग आढीत फळं पिवळी कशी झाली? सालीतला हिरवा रंग उतरला एवढंच. हिरवा रंग जायला आतलं फळ पिकायची गरज नसते, उबेत आणि कोंडून ठेवल्यावर तो तसाही जातो, शेजारी पिकलेली केळी असतील तर आणखी लवकर. फार दिवस ठेवलं तर आंबटपणा जरासा कमी होतो आणि जिभेला वाटतं की गोड झालं, पण साखर काही वाढलेली नसते. म्हणजे तुमच्या आढीनं रंग दिला, चव दिली नाही, आणि त्यात झाडाचा किंवा जमिनीचा दोष नाही, फळं कच्ची तोडली होती.

तिथी मोजून बघू. नागपुरी संत्र्याला फूल लागल्यापासून फळ तयार व्हायला साधारण आठ ते नऊ महिने लागतात, २४० ते २७० दिवस धरा. तुमची फुलं माघात, महाशिवरात्रीच्या आधी. म्हणजे हा आंबिया बहार, आंब्याच्या मोहराच्या दिवसांत येणारा फुलोरा. घटस्थापनेला सात महिने नि वर थोडे दिवस झाले होते. तुम्हाला पहिल्याच दिवशी जे वाटलं होतं ते बरोबर होतं, महिनाभर घाई झाली. भाऊबीजेला आठ महिने पूर्ण होऊन आठवडाभर वर होईल, म्हणजे पहिली फळं तयार व्हायची ती वेळ. हे मी पुन्हा खाली घेते.

आता ती रात्री पडणारी फळं. हा मला पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा धागा वाटला आणि तुम्ही तो सहज लिहून गेलात. उद्या सकाळी एखादं पडलेलं फळ उचलून नीट फिरवून बघा. टाचणी टोचल्यासारखं गोल बारीक भोक दिसेल, दाबलं की तिथनं रस येईल आणि भोकाभोवती साल मऊ, तपकिरी झालेली असेल. हा रस शोषणाऱ्या पतंगाचा उद्योग आहे. आटपाडी-जतकडचे डाळिंबवाले त्याला चांगलं ओळखतात. अंधार पडल्यावर येतो, सोंड घुसवून रस पितो, भोकातनं बुरशी आत शिरते आणि दोन-चार दिवसांत फळ गळतं. म्हणजे ज्याला घरात पाड समजलं तो पाड नव्हताच, संत्र्याला आंब्यासारखा पाड लागत नाही, निरोगी तयार फळ देठाला घट्ट धरून बसतं. आणि आता ती गुळवेल. या पतंगाची अळी संत्र्यावर वाढतच नाही, ती गुळवेल, वासनवेल असल्या वेलींची पानं खाऊन वाढते. कोरोनाच्या वर्षात काढ्यासाठी घरोघर गुळवेल लागली, माझ्याकडंही लागली, आणि संत्र्याच्या इतक्या जवळ ती असणं म्हणजे पतंगाला पाळणाघर आणि खानावळ शेजारी शेजारी. गुळवेल उपटाच असं मी म्हणणार नाही, घरात कुणी काढा घेत असेल. पण दर आठवड्याला पानं उलटी करून बघा, अंगावर डोळ्यासारखे गोल ठिपके असलेली गडद अळी दिसली की काढून टाका. जमत असेल तर वेल परसाच्या दुसऱ्या टोकाला न्या.

झाड एकच आहे त्यामुळं औषध मारायच्या भानगडीत पडू नका, खायचं फळ आता महिन्याभरावर आलंय. चांगली वाढलेली फळं कागदी पिशवीत किंवा जुन्या सुती कापडाच्या पिशवीत बांधा. तासगाव-पलूसकडं द्राक्षाच्या घडांना पेपर लावतात ना, तेच काम, आणि लावणारे हात तुमच्या गल्लीतच असतील. संध्याकाळी दिवेलागणीनंतरच्या दोनेक तासांत बॅटरी घेऊन झाडाभोवती एक चक्कर मारली तर फळावर बसलेले पतंग हातानं पकडता येतात, पोरांना हे काम फार आवडतं. सुक्या पाल्याचा धूर संध्याकाळी करायची जुनी पद्धत आहे तीही चालते, कडुलिंब घरचाच आहे. पडलेलं प्रत्येक फळ रोज सकाळी उचलून खड्ड्यात पुरा, तसंच राहू देऊ नका, त्याच्या वासानं आणखी येतात. फळ फोडल्यावर आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसल्या तर मात्र ती फळमाशी, तिला कृषी सेवा केंद्रात मिळणारा फळमाशीचा सापळा झाडाजवळ टांगा.

आता सासूबाईंच्या केशरी रंगाबद्दल. त्या म्हणतात ते बाजारातल्या संत्र्यावरनं म्हणतात आणि त्यात त्यांची काही चूक नाही, आपण सगळ्यांनी संत्र्याचं नावच रंगाला दिलंय. पण झाडावरच्या फळाच्या सालीतला हिरवा रंग उतरून पक्का केशरी यायला रात्रीची थंडी लागते, रात्रीचं तापमान १२-१३ अंशांकडं उतरायला लागलं की रंग झपाट्यानं येतो. सांगलीकडं दिवाळीत पहाटे गार वाटतं पण तेवढी थंडी तेव्हा नसते. वाई-पाचगणीच्या बाजूला असंच झाड असेल तर ते तुमच्या आधी रंगेल. आणि बाजारात हिवाळाभर जे चकचकीत गडद केशरी घट्ट सालीचं फळ मिळतं त्यातलं बरंचसं किन्नू असतं, पंजाबच्या थंडीत रंगलेलं आणि वर मेणाचा हात फिरवलेलं. त्याच्याशी परसातल्या नागपुरीची तुलना केली तर आपलं फळ कायम कच्चंच वाटणार. तुमच्याकडचं फळ हिरवट-पिवळं असतानाच आत तयार असू शकतं, आणि केशरीची वाट बघत बसलात तर तोवर ते आतनं उतरायला लागलेलं असेल.

हे उतरणं मी घरात बघितलंय म्हणून जरा जास्त बोलते. आमच्या कोरेगावच्या घरी झाड पहिल्यांदा भरलं त्या वर्षी मीही रंगासाठी थांबले, वाटलं झाडावर आहे तोपर्यंत काळजी नाही, संक्रांतीला हळदीकुंकवाच्या बायकांना वाटू. रंग सुंदर आला. संक्रांतीला पहिलं फळ सोललं तर साल आपोआप सुटून हातात आली आणि आतल्या फोडी कोरड्या, पांढरट, चोथा नुसता, रस नाहीच. सगळी टोपली तशी. त्या दिवशी मला खरंच रडू आलं, कारण नोव्हेंबरात ती फळं चांगली होती आणि मी रोज त्यांच्याखालनं जात होते. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, वेळ टळली की साल आणि गर यांच्यात पोकळी वाढते, फळ मोठं दिसतं पण हातात हलकं लागतं. मोसंबी झाडावर जास्त दिवस थांबते, हे संत्रं तेवढं थांबत नाही.

तर ओळखायचं कसं. मी तीन गोष्टी बघते, तारीख, हात आणि जीभ, याच क्रमानं. तारखेनं आठ महिने झाल्याशिवाय विचारच करायचा नाही. ते झाले की फळ हातात घ्यायचं, तोडायचं नाही, नुसतं तळहातावर तोलायचं. तयार फळ आकाराच्या मानानं जड लागतं. कच्च्या फळाची साल खरबरीत, जाड, दाबली तर दगड. तयार व्हायला लागलं की साल गुळगुळीत आणि तुकतुकीत होते, हिरव्यावर पिवळसर झाक पसरते आणि अंगठ्यानं हळूच दाबलं तर किंचित दबते. हे दोन-तीन दिवस रोज करून बघितलंत तर तुमच्या हाताला आपोआप कळायला लागेल, मी शब्दात कितीही सांगितलं तरी तो हात तुमचा तुम्हालाच येणार.

आणि मग जीभ. तीन फळं काढा. एक शेंड्याकडचं किंवा बाहेरच्या बाजूचं ऊन खाल्लेलं, एक मधल्या उंचीचं, एक आतलं सावलीतलं. आडवी कापा, तीन वाट्यांत फोडी ठेवा, कुठली कुठल्या जागची ते लिहून ठेवा, आणि घरातल्या सगळ्यांना खायला द्या. बाहेरचं ऊन लागलेलं फळ जवळजवळ नेहमीच जास्त गोड असतं, आतलं पंधरा-वीस दिवस मागं असतं. यात तुम्हाला झाडाची खरी हालत कळेल. शेजारीपाजारी द्राक्षवाला असेल तर त्याच्याकडं ब्रिक्स, म्हणजे रसातली गोडी, मोजायचं मीटर असणार, दोन थेंब रसाचे काचेवर टाकून डोळ्याला लावायचं, दहाच्या पुढं आकडा आला तर नागपुरीसाठी चांगलं समजा. पण मीटर फक्त गोडी सांगतं, आंबटपणा सांगत नाही, आणि संत्र्याची चव दोन्हींच्या मेळावर असते, म्हणून शेवटचा निकाल जिभेचाच.

वाट्यांचं मी मुद्दाम सांगतेय ताई. तुम्ही लिहिलंत की 'मला वाटलं होतं पण मी बोलले नाही.' हे वाचून मी थोडी थांबले. सासूबाईंनी स्वतः आणलेलं झाड, त्यांनीच पाड लागला म्हटलेलं, त्यावर सुनेनं नाही म्हणायचं हे सोपं नसतं, मला माहितीय. आणि आता जर तुम्ही हे सदर त्यांच्यासमोर धरून म्हणालात की बघा, तुमचं चुकलं होतं, तर त्या झाडाकडं फिरकायच्या बंद होतील. त्यापेक्षा तीन वाट्या पुढं ठेवा आणि विचारा, आई, यातलं कुठलं तयार वाटतंय तुम्हाला? ज्या बाईनं पन्नास वर्षं आंबे पारखलेत तिची जीभ तुमच्या-माझ्यापेक्षा पक्की आहे. रंग बघून नाही, चव बघून उतरवायचं, हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या. आणि पुढच्या वेळी तुम्हाला काही वाटलं तर त्याच दिवशी बोला, एक फळ कापून बघूया का आधी, एवढंच म्हणायचं. त्यात कुणाचा मान जात नाही आणि वीस फळं वाचतात.

भाऊबीजेचं बघू. सगळं झाड एका दिवशी उतरवायचं हीसुद्धा आंब्याचीच सवय, कारण आढी एकदम घालायची असते. संत्र्याला तशी घाई नाही. फळं वेगवेगळ्या दिवशी धरलेली असतात, वेगवेगळ्या दिवशी तयार होतात, आणि तयार झालेलं फळ दोन-तीन आठवडे झाडावर मजेत राहतं, तेच त्याचं कोठार समजा. नव्वदातली वीस गेली, काही पतंगानं पाडली, म्हणजे साठ-पासष्ट उरली असतील. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी शेंड्याची आणि बाहेरची, हाताला जड लागणारी पंधरा-वीस मिळतील असा माझा अंदाज आहे, वाट्यांची परीक्षा आधी करा म्हणजे खात्री होईल. तेवढी नणंदबाईंना द्या, पाटी भरणार नाही पण पिशवी भरेल आणि पिशवीतलं प्रत्येक फळ खाण्यासारखं असेल. वाटलं तर सांगा की दुसरी खेप तुलसीविवाहानंतर आहे, पोरांना घेऊन या. मग दर आठ-दहा दिवसांनी तयार तेवढी काढत जा. मात्र डिसेंबरचा पहिला पंधरवडा संपेपर्यंत झाड पूर्ण रिकामं करा, एकही ठेवू नका. फोडी कोरड्या पडतात हे एक, आणि दुसरं म्हणजे झाडाला पुढच्या फुलाआधी विश्रांती लागते. डाळिंबाला ताण देतात तसाच संत्र्यालाही आंबिया बहारासाठी त्या दिवसांत पाणी तोडून ताण देतात, आणि अंगावर फळं घेऊन उभं असलेलं झाड धड विसावत नाही, पुढच्या वर्षी फूल कमी येतं.

उतरवताना ओढायचं नाही. तुमच्या सहा-सात फळांना बुरशी देठाकडंच का आली याचं उत्तर यात आहे. संत्रं ओढलं की देठाबरोबर सालीचा तुकडा निघतो, कधी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक, आणि तिथनं निळी-हिरवी बुरशी आत जाते, एक नासलं की शेजारची घेऊन जातं. छाटणीचं सिकेटर असेल तर उत्तम, नाहीतर द्राक्षाच्या विरळणीची कात्री चालते. दोनदा कापायचं: आधी फळाला बोटभर देठ ठेवून ते फांदीपासून सुटं करायचं, मग हातात धरून उरलेला देठ अगदी फळालगत कापायचा, वरची हिरवी चकती मात्र जागेवर राहिली पाहिजे. देठ लांब राहिला तर पिशवीत तो दुसऱ्या फळाला टोचतो. नखं कापलेली असू द्या. झाडाला काटे असू शकतात म्हणून पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाला. उंच फळांसाठी शिडी घ्या, फांदी वाकवून ओढू नका, संत्र्याची भरलेली फांदी पटकन चिरते, आणि आंब्याचा झेला, म्हणजे काठीला बांधलेली जाळी, इथं वापरू नका कारण तोही ओढूनच काढतो. फळ टोपलीत ठेवायचं, टाकायचं नाही. अंगाला उपरण्याची झोळी बांधली तर दोन्ही हात मोकळे राहतात.

वेळ सकाळी दहानंतरची, दव पूर्ण सुकल्यावर. ओल्या फळाची साल पाण्यानं तट्ट फुगलेली असते, जरा दाबलं की सालीतलं तेल फुटतं आणि दोन दिवसांनी तिथं तपकिरी डाग दिसतात. दिवाळीच्या आसपास अवकाळी येऊन गेला तर दोन-तीन दिवस थांबा. पाण्याचं म्हणाल तर शेवटच्या महिन्यात एकदम कोरडं आणि मग एकदम भरपूर असं करू नका, फळं उभी फुटतात.

आता मिस्टरांचं म्हणणं, झाड तोडायचं. त्यांच्या मनात काय आहे ते मला समजतं, एवढी जागा अडवून आंबट फळ देणारं झाड कोण ठेवेल. पण अजून या झाडाची परीक्षा झालेलीच नाही, कच्च्या फळावरनं निकाल दिलाय. शिवाय लहान झाडाची पहिल्या एक-दोन बहरांची फळं जाड सालीची आणि चवीला जरा कमीच असतात. एकच गोष्ट तपासा. संत्र्याचं कलम जंभेरी नावाच्या आंबट लिंबाच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर, म्हणजे मुळासकटच्या खालच्या रोपावर, संत्र्याचा डोळा बसवून केलेलं असतं, खोडावर जमिनीपासून वीतभर उंचीवर जोडाची खूण दिसते. त्या जोडाच्या खालनं फुटलेली फांदी वाढून तिलाच फळं लागली असतील तर ती संत्री नाहीतच, जंभेरी आहे, खडबडीत सालीची, बियांनी भरलेली आणि कितीही थांबलात तरी आंबट. असे खालचे फुटवे दिसले की बुडापासून काढा. सगळं झाडच जोडाच्या खालचं असेल तर मात्र मिस्टरांचा केशर आंबा लावायला माझी हरकत नाही.

काळ्या रानाचा त्रास गोडीला नाही, पाणी साठण्याला आहे. आणि तुमचं न्हाणीचं पाणी रोज थेट बुडात जातंय ते मला आवडलेलं नाही. केळीला, अळूला ते चालतं. संत्र्याचं खोड कायम ओलं राहिलं की बुंध्याला डिंक येतो, साल कुजते, आणि झाड एखाद्या वर्षात हळूहळू बसतं. पाणी आधी केळीकडं वळवा. संत्र्याला खोडाभोवती मातीचा एक छोटा उंचवटा करून त्याच्या बाहेर, फांद्यांच्या सावलीच्या कडेला गोल आळं करा आणि पाणी त्या बाहेरच्या आळ्यात द्या, डबल रिंग म्हणतात त्याला. द्राक्षवाल्याकडनं मोरचूद-चुन्याची पेस्ट वाटीभर मागून पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला लावली तर आणखी चांगलं.

गुळाचं पाणी घालून फळ गोड होत नाही. साखर पानात होते, उन्हात, मुळातनं गूळ वर चढत नाही, मुंग्या मात्र येतात. शेजाऱ्यांना सांगायची गरज नाही, तो गूळ फराळाला वापरा. झाडाच्या आतल्या बाजूच्या वाळलेल्या काड्या आणि सरळ वर गेलेले जोमदार फुटवे, म्हणजे पानसोट, काढले, ऊन आत गेलं, शेणखत वेळेवर पडलं, तर पुढच्या बहराला फरक दिसेल. छाटणी फळं उतरवल्यावरच करा.

काढलेली फळं धुवायची नाहीत, कोरड्या फडक्यानं पुसून गार जागी एका थरात पसरून ठेवायची, आठ-दहा दिवस सहज राहतात. फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात तीन-चार आठवडे जातात, पण प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवू नका. दर दोन दिवसांनी नजर टाकून मऊ पडलेलं फळ बाजूला काढायचं.

आणि ती आढीतली उरलेली तेरा-चौदा आंबट फळं फेकली नसतील तर फेकू नका. बुरशी आलेली सोडून बाकीच्यांचा रस काढून साखर, मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून सरबत चांगलं होतं. साली सावलीत वाळवायला आजच घाला, कुरकुरीत वाळल्या की मिक्सरला फिरवून वस्त्रगाळ करा, पहिल्या आंघोळीच्या उटण्यात घरच्या संत्र्याची साल पडेल. फुलांची तिथी मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची सवय लावा, यंदा तुम्हाला महाशिवरात्र लक्षात होती म्हणून मला हिशेब करता आला. वाट्यांची परीक्षा झाली की कुठल्या वाटीला कुणी काय म्हटलं ते कळवा, आणि जोडाच्या जागेचा एक फोटो पाठवा, म्हणजे जंभेरीचं मी नक्की सांगू शकेन.